बाईंची पट्टी आणि सेक्रेटरीचं बोट

प्रिय साडूभाऊ,

तीर्थरूप म्हणावं इतके तुम्ही मोठे नाही आणि चिरंजीव म्हणावं इतके लहान नाही, तेव्हा नुसताच सप्रेम नमस्कार घ्या. गुडघा कसा आहे? मोठ्या मेहुणीबाईंचा घसा? (त्या हिच्याशी फोनवर ज्या मानाने बोलतात त्यावरून घसा ठणठणीत असावा, पण पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारलं.) इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे ही मजेत आहे आणि मी अपमानित आहे.

बातमी तुमच्या घरी पोचली असेलच, पण या दोघी बहिणींकडून पोचलेली बातमी म्हणजे धुण्यात आटलेला सदरा. मूळ माप कळत नाही. म्हणून स्वतः लिहितो. इथल्या श्रोतामंडळाने माझं सभासदत्व तहकूब केलं आहे. मी लेखी माफी मागेपर्यंत मला हॉलमध्ये पाऊल टाकता येणार नाही. आणि येत्या रविवारी तिथे कोण गाणार आहे? बाई! (कोणत्या बाई ते सांगायला नको. गाण्यातलं तुम्हालासुद्धा माहीत असलेलं ते एकच नाव.) वयामुळे त्या आता प्रवास बंद करणार आहेत, बाहेरगावची ही शेवटची बैठक, असं त्यांनी स्वतः कळवलंय. मी बाईंना समोर बसून कधीच ऐकलेलं नाही. पूर्वी एकदा योग आला तेव्हा त्या आजारी पडल्या, पुढच्या वेळी मी पडलो. तरीसुद्धा मी माफी मागणार नाही. का, ते वाचा.

आधी हे मंडळ काय प्रकरण आहे ते समजून घ्या. बँकेच्या वरच्या मजल्यावरचा लांबट हॉल, एरवी तिथे टायपिंगच्या परीक्षा होतात. खुर्च्या अशा की टोकाच्या माणसाने मांडी बदलली की अख्खी ओळ करकरते. माइकवाल्याने जन्मभर भाषणं ऐकवली, त्यामुळे तंबोरा सुरू झाला की मशीनमध्ये काहीतरी गुणगुणतंय असं वाटून तो बटणं पिरगाळायला धावतो. सेक्रेटरी धंद्याने दातांचे डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलं की आपण आत काहीतरी करायचं, एवढीच त्यांची गाण्याची समज. पुढच्या ओळीत एक निवृत्त साहेब बसतात, ज्यांना मी 'आगाऊ' म्हणतो, कारण त्यांची 'वाहवा' समेच्या बरीच आधी येते. जागा येईपर्यंत थांबायची भीती वाटते, न जाणो, कोणी आपल्या आधी दाद देईल! माझ्या शेजारचा एक गृहस्थ सगळी मैफल मोबाइल डोळ्यांसमोर धरून टिपून घेतो. मी विचारलं, "ऐकत का नाही?" तर म्हणे, "घरी निवांत ऐकतो ना!" मग इथे काय करतोस बाबा, खुर्ची गरम?

अशा लोकांमध्ये मी एकटा कान घेऊन जाणारा माणूस. मी गाणं कोणाकडे शिकलो नाही आणि त्याची मला लाज नाही. माझा धंदा जळलेल्या विजेच्या मोटारींची तार काढून नवी भरण्याचा. दिवसभर मोटारी ऐकल्या आहेत. पंप असो, गिरणी असो, नीट फिरते आहे की नाही ते मी डोळे मिटून सांगतो. (तुमच्या मिक्सरचा आवाज मी फोनवरून ओळखला होता, आठवतं? तुम्ही मानलं नाहीत, मग तो जळला.) रेकॉर्डींचं वेडही असंच आपणहून लागलं. लोक दुकानात जाऊन मागतात ती रेकॉर्ड नव्हे. आपण भंगारवाल्याकडे गुडघ्यावर बसून, गंजक्या झाकणांच्या आणि मोडक्या शेगड्यांच्या खालून काढतो ती खरी रेकॉर्ड.

तशीच मला एक मिळाली. वरचा कागद वाळवीने अर्धा खाल्लेला, पण बाईंचं नाव शाबूत. त्यांच्या अगदी तरुणपणची. मंडळात विचारलं तर ही रेकॉर्ड अस्तित्वात आहे हेच कोणाला ठाऊक नाही. सेक्रेटरी म्हणाले, "असेल हो कोणीतरी दुसरी बाई." ही यांची विद्वत्ता!

वाजवायला जुनं मशीन हवं, तेही त्याच भंगारातून उचललं. त्याची मोटार मी स्वतः भरली. आत वेग ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात, त्या लेच्यापेच्या झाल्या होत्या. मी त्या काढून टाकल्या आणि चांगल्या पोलादी पट्टीतून स्वतः कापून दणकट बसवल्या. वेग कमीजास्त करायची खुंटीही उपटली. वेग एकच हवा, खरा! लोक घड्याळ लावून फेरे मोजतात. मी कानाने लावला. वर्कशॉपचं शटर ओढून रेकॉर्ड ठेवली, आणि साडूभाऊ, काय तो आवाज! उंच, लखलखीत, ताना तर पाऱ्यासारख्या घरंगळतात. चहा घेऊन आलेली ही दारातच थबकली आणि म्हणाली, "या बाईंना कुठे गाडी गाठायची आहे का?" हिच्या घराण्याचं संगीताशी काय नातं आहे ते तुम्ही जाणताच. मी चहा घेतला आणि रेकॉर्ड पुन्हा लावली.

गेल्या महिन्यात मंडळात बाईंची शिष्या गायला आली. नेमकी माझ्या रेकॉर्डवरचीच चीज घेतली. मी कान टवकारले, तर काय! पट्टी खाली, लय बैलगाडीची, ताना जपून जपून, जसं काही ओल्या फरशीवरून चालली आहे. मध्यंतरात प्रश्न विचारा म्हणाले. (हे चुकलंच त्यांचं.) मी उभा राहिलो आणि स्पष्ट सांगितलं, तुमच्या गुरूंचं गाणं मी ऐकलं आहे, तुम्ही ते पार खाली आणून ठेवलंत. मुलगी म्हणाली, "काका, बाई जन्मभर काळी चार पट्टीतच गातात. मीही तिथेच गायले." मी म्हटलं, पुरावा आहे. सेक्रेटरी म्हणाले, आणा. त्यांना वाटलं मी आणणार नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी मशीन रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. शिष्या मुद्दाम थांबली होती. पेटीवालाही आला. मी चार शब्द बोललो. (चार म्हणजे मोजून नव्हेत. आगाऊ साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं एवढं आठवतं.) मग सुई ठेवली.

बाई गाऊ लागल्या. मी सभोवार पाहिलं. शिष्येने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भरून आलं. तर ती हसत होती! "काका," म्हणाली, "ही तर शाळेतली मुलगी वाटते हो, मधल्या सुट्टीतली." पेटीवाला स्वर शोधायला पट्ट्या दाबू लागला. काळी पाच दाबली, नाही. पांढरी सात दाबली, नाही. म्हणाला, "हा सूर दोन पट्ट्यांच्या फटीत पडलाय, माझ्या पेटीत नाही." मी म्हटलं, दोष पेटीचा आहे. त्यावर तो म्हणाला, "रेकॉर्डमध्ये मागे पेटीच वाजतेय की, तीही फटीत बसली होती का?" लोक हसले. आगाऊ साहेब या वेळी बरोबर जागेवर हसले, आयुष्यात पहिल्यांदा.

मग सेक्रेटरी उठले. दातांच्या डॉक्टरांना कुठेही बोट घालायची सवय. त्यांनी मला न विचारता फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर उजव्या हाताचं बोट टेकवलं. माझ्या रेकॉर्डवर! वेग उतरला. "आता ऐका," म्हणाले.

आणि जे ऐकू आलं ते मी तुम्हाला लिहून कसं सांगू? शाळेतली मुलगी नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक बाई येऊन बसली. खालचा, रुंद आवाज, कुठेही घाई नाही, जसं एखादं मोठं माणूस आपल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं. एक आलाप, तोही पुरता नाही. हॉलमधली एकही खुर्ची करकरली नाही. मोबाइलवाल्याने मोबाइल खाली ठेवला.

पण परक्याचं बोट माझ्या रेकॉर्डवर! माझा हात आपोआप उठला आणि सेक्रेटरींच्या हातावर पडला. (मारलं असं ते म्हणतात. मी बाजूला केला.) सुई घसरली आणि काठापासून मधल्या कागदापर्यंत चरा पडला. आता ती रेकॉर्ड चार स्वरांवर अडते आणि तेच तेच म्हणत राहते. सेक्रेटरींचं बोट सुजलं, त्या दिवशी त्यांना कोणाचा दात काढता आला नाही, म्हणे. त्यावरून हा ठराव. कोणाचं नुकसान मोठं ते तुम्हीच ठरवा. बोट बरं होतं.

मशीनमध्ये माझी चूक होती असं कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. स्प्रिंगा हव्या त्यापेक्षा उत्तम झाल्या, एवढंच. त्या अडाणी मंडळापुढे, ज्यांना बाईंची रेकॉर्ड माहीत नव्हती, मी, ज्याने ती शोधून काढली, नाक घासू? आमच्यात ते बसत नाही. बाई गातील, हे लोक माना डोलावतील चुकीच्या जागी, आणि मी घरी बसेन. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मेहुणीबाईंना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा साडू

ता. क. : सहज आठवलं. माफीपत्रं लिहिण्यात तुमचा हात धरणारा आपल्या नात्यात कोणी नाही. तुमच्या साहेबांना लिहिलेलं मी वाचलं आहे. सासूबाईंना लिहिलंत तेव्हा तर उलट त्यांनीच तुमची क्षमा मागितली. असा एखादा मसुदा हाताशी असेल तर पाठवून द्या. नुसता अभ्यासासाठी.

ता. क. दुसरा : मसुद्यात स्प्रिंगांचा उल्लेख नको. फार नम्रही नको, नाहीतर त्यांना वाटेल मी आजारी आहे. मधून एखादा टोमणा राहू द्या, म्हणजे पत्र माझंच वाटेल.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडलं. हिला पास मिळाला आहे! सेक्रेटरीणबाईंनी घरी आणून दिला. आत्ता ही साडी काढून बसली आहे आणि म्हणते, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, मी आल्यावर सांगेन ना कसं झालं ते." साडूभाऊ, ही मला गाणं सांगणार! टोमणा काढून टाका. स्प्रिंगा घाला, लागल्या तर दोनदा घाला. बोटाची चौकशी करा, तर्जनी, उजवी. पत्र पोचताच लिहा, वाट पाहत बसू नका. दाराबाहेर जिन्यावर उभा राहून ऐकीन, असंही लिहा. पण ते अगदी शेवटी. आधी खुर्ची मागून बघा.