पाठ केलेलं गणित

बाई, दहावीला गणितात ब्याण्णव गुण मिळवलेल्या माझ्या विद्यार्थिनीने अकरावीला कला शाखा घेतली, आणि त्याला कारण मी आहे, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. हे सांगावं असं दुसरं कोणी सुचलं नाही.

परवा तिला शाळेत बोलावून खडसावलं, "विज्ञान का सोडलंस?" ती म्हणाली, "गणित मला येत न्हाई, मॅडम." "मग ब्याण्णव कुणाला पडले?" "ते पाठ केलतं. तुमीच खुणा करून दिलत्या ना." शेजारची मैत्रीण हसली, "आमी समद्या पाठच करतो, मॅडम. कवितेला चाल तरी असती, गणिताला ती बी न्हाई."

खरं आहे. इथे बीडला आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींना मी दरवर्षी परीक्षेत येण्यासारखी उदाहरणं खुणा करून देते. नापास झाली की शाळा सुटते आणि मंगनी ठरते. मी अशाच घरात वाढले. आधी पास होऊ दे, समजायचं मागून बघू, असं म्हणत राहिले. ते मागून कधी आलंच नाही. खुणांवर पास झालेली एकही मुलगी विज्ञानाला गेली नाही.

माझ्या शाळेच्या दिवसांतलं अजून डोळ्यांपुढे आहे: युसूफ वडगाव या गावी तुमच्या किराणा दुकानामागच्या स्वयंपाकघरात मी शिकवणीला बसले आहे. तुम्ही भाकरी थापताय, मी प्रमेय घडाघडा म्हणते. तुम्ही पिठाच्या हातानेच खडू घेऊन फरशीवर तोच त्रिकोण उलटा काढता, अक्षरं बदलता. माझं प्रमेय तिथेच अडतं. "कावून गं, पालथा घातला तर वळखीना व्हय तुला?" मला रडू येतं. न्यायला आलेले अब्बा दुकानातून म्हणतात, "बाई, पास होऊ द्या, तेवढंच लई झालं." तुम्ही आतूनच सांगता, "भाऊ, आधी तिला येऊ द्या." त्या सहामाहीत मी नापास झाले. घरात आठ दिवस माझ्या लग्नाचं बोलणं चाललं, तरी तुम्ही मला काही सोपं करून दिलं नाहीत. मी तुमच्यावर फार रागावले होते. बी.एस्सी. झाले ती मात्र त्या स्वयंपाकघरामुळे. तुमच्याइतकी छाती मला झाली नाही. मुलगी बुडेल या भीतीलाच मी माया समजत आले.

आज तिच्या घरी गेले. शाखा बदलायला चार दिवस उरलेत. तिचे वडील शांतपणे म्हणाले, "मॅडम, ती म्हणती येत न्हाई, तुमी म्हणता ब्याण्णव. खरं कुणाचं?"

"तिचं," मी म्हणाले. "शिकवायचं माझं राहिलंय."



हे पत्र जाणार कुठे? कपाटातच राहील. पण एक कबूल करते. यंदाच्या दहावीलाही मी खुणा करून दिल्यात, आणि त्या खोडायला सांगायचं धैर्य अजून झालेलं नाही.

निघताना त्या मुलीच्या आईच्या हाती दिलं ते असं: शाखा बदलण्याचा अर्ज एक, पालकांच्या सहीची जागा कोरी. रोज साडेपाचला माझ्याकडे शिकायला यावं, अशी चिठ्ठी एक. मुलगी आतच होती, बाहेर आली नाही.