रागावून घ्यायची तालीम

आप्पा,

या आठवड्यात घरात आलं ते असं: निळा सलवार-कमीज शिलाईसकट साडेआठशे, स्टीलचा दोन पुडाचा डबा दोनशे ऐंशी, पलूस-सांगली एसटीचा महिन्याचा पास, आणि विश्रामबागेतल्या समुपदेशनाच्या बाईंची चार खेपांची फी. फीचा आकडा सांगत नाही. तुम्ही म्हणाल, नुसतं बोलायचे पैसे घेत्यात व्हय? मीही तेच म्हणाले होते. सगळं तुमच्या नातीसाठी. तुम्ही तिला पाहिलं नाही. चोवीस वर्षांची आहे, बी.कॉम. झालीय, आकड्याला तुमच्याइतकी पक्की. पण कुणी आवाज चढवला की तिचे हात गार पडतात, समोरचा काय बोलतो ते कानात शिरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठत नाही. साताऱ्याची नोकरी नऊ दिवस टिकली, इथली दुसरी तीन आठवडे. आता सांगलीत औषधांच्या होलसेल दुकानात बिलं करते. ही गेली तर पुढची शोधणार नाही, असं तिनं मी भाकरी थापत असताना मागून येऊन सांगितलं, अगदी हळू आवाजात. माझी भाकरी हातातच फाटली.

बस्तीत जाऊन भगवंतांना अभिषेक केला, उपास धरले, णमोकाराच्या माळा ओढल्या. बाई म्हणाल्या, "ते चालू द्या. पण तिला रागावून घ्यायची सवय लागली पाहिजे. रोज दहा मिनिटं तुम्ही तिचे मालक व्हा." तिनं काय करायचं तेही शिकवलं. पाय जमिनीला घट्ट टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा, "बघून सांगते, सर" एवढंच म्हणायचं आणि जागा सोडायची नाही. मालक रागावला म्हणजे त्यानं काढलं असं नव्हे, हे मनाला पुन्हा पुन्हा सांगायचं.

दिवस मावळायच्या आत आपली जेवणं होतात हे तुम्हाला माहीतच आहे. ओटा पुसून झाला की मी मालक. पहिल्या दिवशी ती हसलीच. "आई, मालक असा पदराला हात पुसत येत नाही गं." मी म्हटलं, "मग कसा येतो?" "ढेकर देत येतो." दोघी पोट धरून हसलो. कितीतरी महिन्यांनी घरात तसा आवाज झाला. मग मी बिल चुकलं म्हणून रागावायची, ती पाय टेकवायची. पण बाई म्हणाल्या होत्या, खरंखुरं रागवा. चौथ्या दिवशी माझा आवाज चढला आणि तोंडातून निघालं, "खाऊन बसायला लाज वाटत नाही? तुला काय जन्मभर पोसायचं?" ती पांढरी पडली. पाय मात्र हलवले नाहीत. मग म्हणाली, "आई, दुकानात असं कुणी बोलत नाही. हे कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांच्या शेटचं."

आप्पा, त्या शेटला आपल्या घरानं जन्मभर शिव्या दिल्या. हळदीच्या अडतीत शेतकऱ्यांच्या मालाच्या पट्ट्या, विक्रीचे हिशेब लिहिणारा माणूस, शेटनं बोलून बोलून खचवला, असं आई मरेपर्यंत सांगत राहिली. पण तुम्ही भर दुपारी काम टाकून घरी आलात त्या दिवशी दार मी उघडलं होतं. तुमच्यामागं हमाल आला होता निरोप घेऊन. "शेट म्हणत्यात, दोन पट्ट्या चुकल्या, व्हतंय की. उद्या या म्हणावं." एवढंच. सकाळी तुम्ही आंघोळ केली, टोपी घातली, पायात चपला सरकवल्या आणि उंबऱ्याशी उभे राहिलात. उभेच. मी नुकती मॅट्रिक झालेली, तोंडाला धार. लेकीला शेटची म्हणून सांगितलेली ती दोन वाक्यं मी बोलले. तुम्ही वळून बघितलं नाही. एकेक चप्पल काढलीत, भिंतीला लावून ठेवलीत आणि मागच्या खोलीत गेलात. तिथून सहा वर्षांनी आम्ही तुम्हाला उचलूनच बाहेर आणलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि आता माझ्या लेकीला वाटतं, मालक रागावला की आपल्या रक्तातला माणूस संपतो. काल दुकानात खरंच झालं. गिऱ्हाइकांसमोर मालक तिच्यावर ओरडला. "बघून सांगते, सर" म्हणाली, दुकान बंद होईस्तोवर बसून राहिली. घरी आल्यावर मी तिचे पाय बघितले, अंगठे दाबून दाबून लाल झालेले. आज रविवार. सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडून आहे. मघाशी एवढंच बोलली, "आजोबांनाही दुसऱ्या दिवशी असंच वाटलं असेल ना?" मी ताट घेऊन उभी होते. ताट उशाशी ठेवलं आणि बाहेर आले.

निळा ड्रेस खुर्चीवर तसाच पडलाय. उद्या सकाळी मी दारात उभी राहणार नाही, न्हाणीत जाऊन बसेन. त्याआधी तिला खरं सांगायला हवं, आणि तुम्हाला शेटनं अडवलं की मी, ते माझं मलाच पक्कं ठाऊक नाही. पाकीट आणलेलं नाही, आणून धाडायचं कुठं? तरी विचारते. त्या सकाळी चपला घालून तुम्ही अडतीलाच निघाला होता ना? एवढं एक उलट टपाली कळवा. उद्या सातची एसटी आहे, त्याच्या आत.