दोन पळ्या अळणी

ता. १० नोव्हेंबर १९५३, मंगळवार
शाळेत ड्रिलचे दोन तास. डॉ. सकाळी येऊन गेले. ताप उतरलाय, पण सौ.च्या अंगात रक्तच उरलेलं नाही म्हणतात. "मटणाचं सूप द्या मास्तर, रोज वाटीभर. नुसत्या औषधानं भागायचं नाही." सौ.नं भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉ. गेल्यावर मला म्हणाली, "माळ हाय गळ्यात. ठावं असून कशाला ऐकून घेतासा?"
वडगावचं तिचं माहेर माळकरी. लहानपणापासून गळ्यात तुळशीची माळ. आणि मी तालमीत दोनशे माणसांचा रस्सा करणारा. पेठेत नाव आहे माझं, पण बावीस वर्षांत घरच्या बाईनं माझ्या हातचा घास खाल्लेला नाही. मटण घरात आणायचं नाही, तालमीतून आलो की आधी आंघोळ, हे ठरलेलं. माझं काही अडलं नाही. तिला काय वाटत होतं, विचारलं नाही कधी.

१३ नोव्हें., शुक्र.
आठ दिवस पेज नि ताक, तेही अर्धं. शेजारच्या काकू भाकरी देतात ती मी एकटाच खातो. पोरबाळ नाही, घर नुसतं गप्प.
आज आपणहून बोलली. वळिवड्याच्या निर्वासितांच्या कँपातली सिंधीण पापड विकायला यायची, तिनं एकदा दुधीचे गोळे आणले होते, घट्ट पांढऱ्या रश्श्यातले. "तसलं कायतरी खावंसं वाटतंय." सिंधीण गणपतीपासून फिरकलेली नाही. विचारलं, कसे करतात? पडल्या पडल्या सांगितलं. दुधी किसून पिळायचा, डाळीचं पीठ, आलं, मिरची. तळायचे. रश्श्याला काजू, खसखस, साय. एवढ्यानं धाप लागली.
पांढरा रस्सा मला नवा नाही. म्हटलं, मी करतो. हसली. "तुमी? माझ्या चुलीवर?"

१५ नोव्हें., रवि.
तिच्या चुलीनं दाद दिली नाही. दोनदा धूर झाला, ती खोकून बेजार. शेवटी कोरं पातेलं घेऊन तालमीत गेलो. तिथं बापूचा मटणाचा हंडा चढलेला. बापू माझा रश्श्यातला जोडीदार. ओरडला, "मास्तर, दुधीचा रस्सा? तालमीचं नाव घालवतासा काय?"
गोळे छान तळले गेले. नारळाचं दूध, काजू, खसखस, वरून साय. रस्सा फार आटला म्हणून सैल करायला पळी उचलली आणि शेजारच्या हंड्यातलं अळणी दोन पळ्या ओतलं. मटण शिजवलेलं पाणी. तीस वर्षं हात तेच करत आलाय. पळी हंड्यावर परत ठेवताना कळलं.
ओतून टाकायला हवा होता. साय संपली होती. घरी ती उठून बसून वाट बघत होती...
नेला.
चार गोळे खाल्ले. वाटी बोटानं पुसून घेतली. म्हणाली, "बावीस वर्सं ही चव बाहेरच्यास्नी खाऊ घातलीसा व्हय?"
मी आंघोळीला गेलो. तिथं रडलो.

१६ नोव्हें., सोम.
डॉ. खूश. "काय दिलंत?" दुधी, म्हटलं. माझ्यासारखा नीच माणूस पेठेत दुसरा नसेल. सौ. शांत झोपली होती. दहा दिवसांत पहिल्यांदा.

२२ नोव्हें., रवि.
पुन्हा हवे म्हणाली. या वेळी घरीच केले, काकूंनी चूल सांभाळली. साधं पाणी घातलं. साय दुप्पट, काजू दुप्पट. सौ.नं एक गोळा खाल्ला, दुसरा मोडून ठेवला. "ग्वाड झालंय की. पर त्या दिसाचं न्हवं." वाटी सारली. मग दोन दिवस परत पेज.

२९ नोव्हें., रवि.
आज हाताची सवय म्हणायची सोय नाही. तालमीतच केले आणि जाणूनबुजून अळणी घातलं, दोन पळ्या. बापूनं बघितलं. एरवी अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा बोलणारा माणूस, आज खाली वाकून जाळ सारत बसला.
पाच गोळे खाल्ले.

२० डिसें., रवि.
ठरवून घालण्याचा हा चौथा रविवार. उंबऱ्यापर्यंत चालली. काकूंशी भांडली सुद्धा, तुळशीला पाणी कमी घातलं म्हणून. मी शाळेत पोरांवर उगाच खेकसतो. रोज ठरवतो, आज सांगायचं. सांगितलं तर जेवायची नाही. जेवली नाही तर

३ जाने. १९५४, रवि.
ताप परत. तरी गोळे हवेत म्हणाली. घेऊन आलो तर माळ गळ्यातून काढून उशीवर ठेवलेली. बावीस वर्षांत कधी काढलेली पाहिली नाही. म्हणाली, "मानेला रुततीया. तुमच्याजवळ असू द्या." मान खरंच काडीसारखी झाली आहे, हाडावर लाल वळ होता.
म्हटलं, "पार्वती, एक सांगायचं हाय." तिनं हात वर केला. "काय बी सांगू नगासा. ऊन हाय तवर वाढा."
वाढलं. दोन खाल्ले. तिसरा माझ्या तोंडाशी धरला. आजवर तिनं असं केलं नव्हतं.

११ जाने., सोम.
सकाळी साडेआठला गेली. माझा हात धरून होती. शाळेला निरोप पाठवला.
तिचा भाऊ वडगावहून आला. आंघोळ घालताना बायकांनी विचारलं, माळ कुठाय? भाऊ माझ्याकडं बघत होता. माळ कोटाच्या खिशात, मुठीत. घालावी, तर तिनं स्वतः काढलेली. न घालावी, तर माळकऱ्याची लेक उघड्या गळ्यानं चाललेली. म्हटलं, दुखण्यात कुठं पडली, सापडत नाही. भाऊ म्हणाला, "असू द्या दाजी. तिचा द्येव वळखंल तिला."
ओळखेल का?

२३ जाने., शनि.
तेरावा. पानात तिच्या आवडीचं काय करायचं म्हणून काकूंनी विचारलं. वांग्याची भाजी सांगितली.

६ फेब्रु., शनि.
घर लावायला काढलं. माळ खसखशीच्या डब्यात ठेवली होती, ती बाहेर काढली. दोरा चांगला पक्का आहे. माळ ढिली आहे, माझ्या दोन मुठी आत जातात. एवढी ढिली माळ रुतेल? पण तो वळ मी डोळ्यांनी पाहिला.
नुसती रुतली म्हणून काढली असेल, तर मी तिला फसवून बाटवलं. कळून काढली असेल, तर कधीपासून कळलं होतं? पहिल्या वाटीपासून? आणि तरी खात होती, ती जगायला की माझ्या हातचं म्हणून? त्या दिवशी बोलू दिलं असतं तर. नाही, मीच तिचा हात खाली करून बोलायला हवं होतं.
तिसऱ्या प्रहरी बापू आला. उद्या तालमीत जेवण आहे. "चला मास्तर, तुमच्याबिगर पांढरा जमत न्हाय." टेबलावर माळ दिसली तसा टोपी काढून उभा राहिला. मग हळू विचारलं, "वैनींची? घालतासा काय तुमी?"
म्हटलं, दोन्हीचं उद्या सकाळी सांगतो.