एक रेघ कमी

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६
अमरावती

आजपासून मी नोकरदार! चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन चार वर्षं मोर्शीत लग्नघरांच्या भिंती रंगवल्या, शेवटी कुणालातरी माझ्या हाताची कदर वाटली. काम काय, तर चिनी अक्षरं काढायची. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चिनी तं गाडीवर भेटते. त्याले हापिस कायले लागते?" आणि तरी पिशवीत लाडू अन् संत्री कोंबलीच.

ऑफिस बडनेरा रोडला आहे, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. पूर्वी या दिवसांत इथं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची म्हणे. आता काटेरी बाभळी आहेत आणि कौलारू इमारतीत आम्ही चौघं. मालक खुशालराव पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुण्याची एक कंपनी परदेशातून काम आणते आणि त्यांना देते. दुसरी नईमा, अकोल्याची, माझ्याच वयाची. तिचे अब्बा इनायतुल्ला हातानं उर्दू लिहिणारे कातिब, आता दुकानांच्या पाट्या रंगवतात. तिसरी पंचफुलाबाई, झाडलोट आणि चहा. चौथी मी, रश्मी.

गाडगेनगरात नईमाच्या खोलीतच माझी सोय झाली. संध्याकाळी तिनं गिला वडा खाऊ घातला. मी फार खूश आहे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

काम समजलं. चिनी भाषेत हजारो अक्षरं अशी आहेत जी आता कुणी वापरत नाही. एखादं तर जगात एकाच पुस्तकात, एकदाच आलेलं असतं. तशा जुन्या पानाचा फोटो स्क्रीनवर येतो. आपण माउसनं बिंदू टाकत त्याची कडा गिरवायची, म्हणजे ते कॉम्प्युटरवर छापता येतं. एका अक्षराची चार-पाच रूपं असतात, नव्यापासून जुन्यापर्यंत. नवं रूप काड्या रचल्यासारखं दिसतं. जसजसं मागं जावं तसतसं चित्र व्हायला लागतं, आणि सगळ्यांत जुनं हाडावर कोरलेलं असतं. तिथं झाड झाडासारखं आणि माणूस माणसासारखा.

अर्थ आम्हाला ठाऊक नसतो आणि तो विचारायचाही नाही. नियम एकच: रेघ तुटकी राहता कामा नये. फोटोत शाई उडालेली असेल तर अंदाजानं पुरी करायची. तुटकं काम पुण्याहून परत येतं. नईमाची नऊ परत आली आहेत, माझं अजून एकही नाही. लिहून ठेवते, गर्व झाला तर झाला.

पंचफुलाबाईंना अक्षरओळख नाही, पण सगळ्यांत जुनी रूपं त्याच ओळखतात. हे पाणी, ही शिंगं, हा पाय. हातावरच्या गोंदणासारखं वाटतं म्हणाल्या. चित्रकलेची पदविका घेऊन मला जे दिसत नाही ते त्यांना केर काढताना दिसतं.

सोमवार, १३ नोव्हेंबर

आज नईमाशी जराशी जुंपली. एका अक्षराचे तीन वेगवेगळ्या पुस्तकांतले फोटो आले. तिन्हींत उजवीकडे खाली एक छोटी रेघ हवी तिथं नाही. डोळ्याला खुपतंच, तोल जातो आहे. मी ती पुरी करायला घेतली तर नईमानं माझा हात धरला. म्हणाली, एका पुस्तकातली शाई उडेल, तीन पुस्तकांत एकाच जागची कशी उडेल? "जानूनबुजून सोडलेली रेघ हाय हे. राहू दे."

पंचफुलाबाई कप घेऊन मागं उभ्या होत्या. त्यांनी नईमाचीच बाजू घेतली. त्यांच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. नाव घेतलं की येतं. तसंच काहीतरी असेल.

मी हसले. चित्र आहे की साप? रेघ पुरी केली आणि सगळी रूपं एकसारखी हवीत म्हणून जुन्या चारही रूपांत तीच रेघ काढली. हाडावरच्या रूपात तर चित्र स्पष्टच होतं. एक घर. आत चार माणसं ओळीनं. बाहेर दाराशी एक उंचशी आकृती, आणि माझी रेघ म्हणजे तिचा पाय. उंबऱ्याच्या आत टाकलेला.

खुशालरावांनी पाठ थोपटली. काम पुण्याला गेलं.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

नीट क्रमानं लिहिते.

दुपारी तीनला भारनियमनानं वीज गेली. आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. पंचफुलाबाई विहिरीपाशी भांडी घासत होत्या, आमच्याकडे पाठ करून. खुशालरावांनी चहासाठी हाक मारली, "पंचफुलाबाई!" आणि "ओ" आली. त्यांच्याच आवाजात. पण विहिरीकडून नाही. आमच्या मागून, कॉम्प्युटरच्या बंद खोलीतून.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. विहिरीपाशी बाई वळल्या होत्या, तोंड अर्धं उघडं. मग खाली बसल्या. त्या अजून तशाच आहेत. डोळे उघडे, श्वास चालू, पण आत कुणी नाही. दवाखान्यात डॉक्टर मेंदूचा झटका म्हणाले. त्यांची लेक त्यांच्या हातावरच्या गोंदणाला धरून मोठमोठ्यानं रडत होती. तिची आई तिच्याकडे पाहतही नव्हती.

वीज आल्यावर फाइल बंद करायला गेले. घरात तीन माणसं आहेत.

चार होती. मी स्वतः काढली होती, एकेक डोकं मोजून.

शनिवार, १८ नोव्हेंबर

नईमाला दाखवलं. तीही तीनच मोजते. उंच आकृती आता पुरती आत आली आहे, दार तिच्या मागं आहे.

खुशालरावांना सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट त्यांनी पुण्याला ईमेल पाठवून विचारलं की ही रेघ मुळात होती का. छापखान्याचा माणूस आहे, शंका आली की मूळ प्रत बघतो. "घाबरू नोको पोरी," म्हणाले, "सोमवारी उत्तर येते."

सोमवार, २० नोव्हेंबर

उत्तर आलं. खुशालरावांनी छापून घेतलं आणि उभ्यानंच आम्हाला वाचून दाखवलं. जुन्या काळी काही नावं पूर्ण लिहीत नसत. शेवटची रेघ सोडत. बहुतेक राजांची नावं असायची. हे अक्षर राजाचं नाही. कुणाचं ते माहीत नाही, पण ज्यांनी ज्यांनी ते लिहिलं त्या सगळ्यांनी रेघ सोडलेली आहे. पुरं लिहिणं म्हणजे त्याला हाक मारणं, अशी समजूत होती.

म्हणजे मी हाक मारली.

खुशालराव पुढचं वाचणार तेवढ्यात फाटकातून त्यांच्या साडभावानं त्यांना नावानं साद घातली. कागद हातात, ओठ हलले, आणि "ओ" त्यांच्या खुर्चीच्या मागून आली.

कागद अजून त्यांच्या मुठीत आहे. सोडवता आला नाही.

घरात दोन माणसं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

आता समजलं. नावानं हाक पडली की ते आधी ओ देतं. ज्याची ओ त्याचा माणूस.

सकाळी एकटी ऑफिसात गेले. पाचही रूपांतली रेघ पुसली, पुन्हा पाठवलं, हात जोडून लिहिलं की असंच ठेवा. दुपारी पुण्याहून उत्तर आलं: तुमच्याकडून एक रेघ राहिली होती, आम्ही पुरी केली, धन्यवाद.

राग येतो, पण कुणावर काढू? मीही हेच केलं होतं, आणि वर गर्व केला होता.

दोन माणसांपैकी एक पाय दुमडून बसलं आहे. ती तशीच बसते. मी तिचं नाव लिहिणार नाही. आम्ही दोघी एकमेकींना नावानं बोलवत नाही, टाळी वाजवतो. घरमालकीणबाईंना सांगितलं, घशाचा आजार आहे, हाक मारू नका. उद्या तिला अकोल्याला तिच्या अब्बांकडे पोचवते. तिथं ते नसेल. नसावं. रेघ मी काढली, तिनं तर हात धरला होता. तिला काही झालं तर मी —

बुधवार, २२ नोव्हेंबर

स्टँडवर गेलो. दुपारची अकोला गाडी. गर्दी. ती पाण्याची बाटली भरायला गेली आणि दोन गाड्यांच्या मधून परत येत होती. परतवाड्याची गाडी रिव्हर्समध्ये मागं येत होती. ड्रायव्हरला ती दिसत नव्हती. तिलाही गाडी दिसत नव्हती, ती माझ्याकडे पाहत होती.

मी टाळ्या वाजवल्या. स्टँडच्या गोंगाटात टाळी कुणाला ऐकू येते?

चाक हातभर राहिलं होतं.

मी हाक मारली. "नईमा!"

ती उडी मारून बाजूला झाली. वाचली. मला वाटलं वाचली. ती माझ्याकडे पाहून —

ओ माझ्या खांद्यामागून आली. तिच्या आवाजात. इतकी गोड.

ती बाटली धरून खाली बसली.

बुधवार, संध्याकाळ

अकोल्याला फोन केला. अब्बांनी विचारलं, कोण बोलून राहिली बेटा? मी नाव सांगितलं नाही. ते रडले नाहीत. येतो म्हणाले.

मी तिला मारलं का? गाडीखाली गेली असती तरी — नाही. माहीत नाही. मी तिला हाक मारली. बस.

गुरुवार, २३ नोव्हेंबर
दवाखाना

इनायतुल्लाचाचा आले. तिचे केस विंचरत बसलेत. कान तिच्या तोंडाशी नेतात. मला काही विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चित्र पाहायला गेले नाही. घरात कोण उरलं ते ठाऊक आहे.

माझं नाव इथं कुणाला माहीत नाही. फक्त —

घरमालकीणबाईंनी मोर्शीला फोन केला. तुमची लेक दवाखान्यात आहे म्हणून. आई निघाली आहे. सकाळचीच निघाली आहे.

तिच्याकडे मोबाइल नाही.

गुरुवार, दुपार

नर्सकडून पुठ्ठा मागून घेतला. मोठ्या अक्षरांत लिहिलं: आई, मला हाक मारू नको. शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं ठळक. दाराकडे तोंड करून बसले आहे. ओ मीच आधी द्यायची. तोंडात तयार ठेवली आहे. ओ. ओ. ओ. हात रिकामा राहू नये म्हणून लिहीत आहे.

चाचांनी मान वर केली. माझ्याकडे नाही. माझ्या मागं पाहत आहेत.

दारात हिरवं लुगडं. आई.

पुठ्ठा वर धरला. इकडेच पाहते आहे. डोळे बारीक करून. चष्मा — घाईत चष्मा नाही आणला —

हात हलवते आहे मी — आई, वाच — जवळ ये, नुसती जवळ ये —

खाटा मोजत येते आहे. मी दिसले नाही तिला. थांबली. कपाळावर हात —

तोंड उघडलं

ओ मी द्यायच्या आधी