पहाटे कुठी जाता

दिव्यानीचे बाबा,

लय दिवस झाले, तुम्ही उजाडायच्या आधी उठून बाहेर जाता. मले वाटे, कोण्या बाईचं घर धरलं. म्हणून आज मागं मागं आली. बोडीच्या पाण्याकाठी, पारीवर तुम्ही एकटेच, कमरेत वाकून फेऱ्या मारत होते. चालता चालता सरळ झाले.

गावच्या आशाताईले विचारलं. ती म्हणे, "झोपून वाढते अन् चालून उतरते, ते मेहनतीचं दुखणं नाई. सांध्याले आतून सूज असू शकते. डॉक्टरले दाखवा."

मी नागभीडले दवाखान्यात नंबर लावाले पुढं गेली. भात झाकून ठेवला, खाऊन या.

कमरेचं डॉक्टरले सांगा. पण एवढं दुखणं माझ्यापासून लपवता आलं, तर आणखी काय काय लपवलं, ते मले सांगा.

पुष्पकला