बिनपळीची अन्नपूर्णा

फाल्गुन शुद्ध ३, शके १७८५. अमरावती

१. अकोल्याहून निरोप आला. पाडव्याला मला सासरी न्यायला येणार.
२. माझ्या पायांत तोडे नाहीत, हे आईच्या लक्षात आलं.
३. ते मोडून, वजनास वजन चांदी देऊन, बाबांच्या भट्टीत जाणारी जर्मन नाणी मी सोडवून घेतली, हे मीच सांगितलं.
४. बाबा म्हणाले, "आणजो सारे. आटवून तोडे करून देतो."

मी नाणी आणली नाहीत.

फाल्गुन शुद्ध ४

कापसाला असा भाव आला आहे की बैलांच्या शिंगांनाही चांदी चढते. म्हणून एवढ्या लांबची नाणी आमच्या सोनारआळीत येतात, आणि वितळतात.

आज पुन्हा सगळी तोलली. दीड तोळा एक मासा. प्रत्येक! राजे वेगळे, मुलूख वेगळे — तराजूचा काटा मात्र जागचा हलत नाही. कस लावला, दहात एक भाग तांबं, सगळ्यांत तेवढंच. एकमेकांना न पाहिलेल्या माणसांनी हे कसं जमवलं असेल? एकाच्या तर कडेवर — एवढ्याशा जाडीवर! — अक्षरं कोरली आहेत.

आणि एकावर राजाच नाही. बाई आहे. तिच्या वेणीचा पेड न् पेड सुटा दिसतो. असा ठसा खोदायला बाबांचा हातही धजणार नाही. मी श्वास रोखून पाहते.

फाल्गुन शुद्ध ६

दर्यापूरच्या जमुनाबाई आल्या. कापसाच्या पैशात त्यांनाही एक नाणं मिळालंय — माझ्या नाण्यांहून मोठं, जुनं. उघडा दाढीवाला, हातात उपटलेलं झाड.

"मारोती हाये. घासून दे वं, देव्हाऱ्यात देवाचा टाक म्हणून ठेवाचा हाये."

"याला शेपूट कुठे आहे?"

"मांगं असन ना! समोरून दिसन काय तुले?"

बाबा हसले. "देव झाला तो. आता त्याले मुशीत कोन घालन?"

मी घासून दिलं. बाबांचं वाक्य मात्र मनात राहिलं.

फाल्गुन शुद्ध ७

माझी सगळी नाणी देव्हाऱ्यात मांडली. हळदकुंकू वाहिलं.

फाल्गुन शुद्ध ८

बाबा सांडशी घेऊनच आले. देव्हाऱ्यापुढे थबकले. कुंकू लागलेल्या राजांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"लई शहाणी झाली तू." सांडशी खाली ठेवली — आणि हात जोडले! वाचली!

मग आई हळूच म्हणाली, "पण घरचे टाक पोरीसंगं सासरी जात नाहीत, माय. ते आता तुह्या भावाचे."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. भट्टीपासून वाचवली, आणि माझ्यापासूनही.

"काहीच नेता येत नाही?"

"अन्नपूर्णा तेवढी जाते."

फाल्गुन शुद्ध ९

अकोल्याला पत्र पाठवलं. ज्यांचं नाव घ्यायचं नसतं त्यांनाच लिहिलं; त्यांच्याशी आजवर एक शब्द बोललेले नाही. एवढंच लिहिलं: "माझ्या पायांत तोडे नसतील. सोबत अन्नपूर्णा आणीन. ती जर्मन आहे. हातात पळी नाही, वेणी मात्र पाहण्यासारखी आहे. आपल्या देव्हाऱ्यात चालेल का, ते होळीच्या आत कळवावे."