वॉशबेसिनजवळचं अंगण

प्रिय माई आत्या,

काल दादानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. बोगद्याच्या तोंडाशी हसणारी वहिनी, पुलावरून दिसणारी नदी, वरच्या बर्थवर चिवडा खाणारी पोरं. वर लिहिलंय, ‘आत्याचा शेवटचा प्रवास, सुंदर आठवणी’. आणि खाली विचारलंय, वर्षश्राद्धाला पुन्हा अशीच ट्रिप काढू या का, नावं सांगा. मला राहवेना गं! म्हणून लिहायला बसले. सुंदर आठवणी कुणाच्या? तू तर त्या प्रवासात पांढऱ्या फडक्यात बांधलेली होतीस.

हे सगळं कसं ठरलं ते तुला कुणी सांगितलं असणार? कोकणातून जाणाऱ्या गाडीची त्यांची स्लीपरची तिकिटं आधीच काढलेली होती, सुट्टीतल्या सहलीसाठी. त्यात तुझं नव्हतं. कधी असायचं? पैठण रोडच्या दादाच्या त्या नव्या कॉलनीत प्लॉट विकले गेले पार चितेगावपर्यंत, पण पाण्याची लाइन काही गेली नाही. टँकर आला की पाइप धरायला कुणीतरी घरी लागायचं आणि ते कुणीतरी म्हणजे तू. दुष्काळात तर टँकर कधी येईल याचा भरवसाच नसायचा. मग काय! ते महाबळेश्वरला गेले, केरळला गेले, आणि तू हौदापाशी.

‘मला काय करायचंय फिरून?’ म्हणायचीस. खोटारडी! टीव्हीवर घाटातली आगगाडी लागली की हातातली घडी अर्धवट टाकून बघत बसायचीस. मी पाहिलंय.

आणि सहल तोंडावर आलेली असताना तू गेलीस. अस्थी घेऊन दादा पैठणला गेला खरा, पण घाटाखाली नुसती वाळू होती आणि पोरं तिथं क्रिकेट खेळत होती. एकानं टँकरनं भरलेला खड्डा दाखवला, म्हणे ‘सगळे यातच सोडतात’. तिथून तो तुला परत घेऊन आला एवढं मात्र बरं केलं. पण घरी येऊन बूट काढता काढता काय म्हणाला असेल? ‘आत्याला गोकर्णला नेऊ. तिकिटं आहेतच. तिचंही होईल, आपलंही होईल.’

तिचंही होईल! किराणा आणायला निघालं की वाटेत दळण टाकून यावं, तसं.

मी हट्टानं माझं तिकीट काढलं. पनवेलला आम्ही सगळ्यांनी ती गाडी धरली आणि चढल्या चढल्या मी तुला खिडकीजवळच्या हुकाला अडकवलं. म्हटलं, निदान आता तरी बघ बाई. वहिनीचा चेहरा तेव्हाच आंबट झाला होता. घरी तुझी पुरचुंडी बाहेर कडुनिंबाला टांगली होती, कारण अस्थी घरात घेत नाहीत. आता हिला प्रश्न पडला, आपण या डब्यात जेवणार, झोपणार, मग हे घर धरायचं की बाहेर? असले प्रश्न आपल्याच घरात पडू शकतात. मी हसण्यावारी नेलं आणि वर जाऊन झोपले.

सकाळी उठून बघते तर हुक रिकामा.

"घाबरू नकोस गं," वहिनी डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "ह्यांनी गुरुजींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, दाराजवळची जागा अंगण समजा. तिथं चालतं."

मी अंगणात गेले. आत्या, काय सांगू तुला! वॉशबेसिन तुंबलेलं, त्यात चहाचा चोथा आणि कुणाचे तरी केस. आरशावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. संडासाचं दार धड लागत नव्हतं, गाडी वळली की उघडायचं आणि तो वास अंगावर यायचा. तिथं लोक रांगेनं खाकरत, चुळा भरत होते. बाजूच्या खुंटीला तू. आणि तुझ्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल!

मी किंचाळलेच. तोंड धूत असलेला एक माणूस दचकून वळला. बजाजनगरचा होता, कंपनीतल्या दोस्तांबरोबर गोव्याला निघालेला. मी सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"आरं देवा! लई चुकलं ताई. मला वाटलं कुणाच्या दशम्या बांधल्यात." त्यानं टॉवेल ओढून घेतला, हात धुतले आणि त्या घाणीत वाकून तुझ्या पाया पडला.

दादा मागं येऊन उभा होता, तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस. "अगं, एका रात्रीचा तर प्रश्न होता," म्हणाला.

ज्यानं टॉवेल टाकला त्याला लाज वाटली. ज्याच्या नाकाशेंबडापासून तू सगळं काढलंस, त्याला वाटली नाही. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना, किळस आली. आपलाच भाऊ, आत्या!

मग मी तुला मांडीवर घेऊन खालच्या खिडकीशी बसले. वहिनीनं जेवणाची पिशवी उचलून पलीकडच्या बर्थवर नेली. बाहेर बोगदा संपला की हिरवं, हिरवं संपलं की पूल, आणि पुलाखाली काठोकाठ भरलेली नदी. भर उन्हाळ्यात! एवढं पाणी, आणि पाइप धरून कुणी उभं नाही. मी तुला एकेक दाखवत होते, हळू आवाजात. समोरचे लोक बघत होते, बघू देत. त्याच नदीत त्यांनी प्लास्टिकच्या थाळ्या भिरकावल्या, उरलेल्या भातासकट.

तेवढ्यात दादानं मोबाइल वर धरला. "व्ह्यू मस्त आहे. मीनू, ते गाठोडं जरा खाली घे, फोटोत येतंय."

मी घेतलं नाही. म्हणूनच काल टाकलेल्या फोटोंत मी नाहीये.

गोकर्णच्या स्टेशनवर अस्थिविसर्जनासाठी हॉटेलनं ठरवलेला माणूस उभा होता. त्याच्याकडं पिशवी द्यायची, पुढचं ते लोक बघतात, आपण थेट हॉटेलवर जायचं, अशी सोय होती. त्यानं हात पुढं केला. मी दिलं नाही.

"बायका नसतात सोडत अस्थी," दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"मग टँकरचे पाइप कसे धरतात?" मी विचारलं. स्टेशनवर, मोठ्यानं. त्यानं बॅगा उचलल्या.

त्या माणसाबरोबर समुद्रावर जाऊन मी साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि तुला मोकळं केलं. तो माणूस वाळूत उभा राहून मंत्र म्हणत होता. दादा आला नाही. पोरांना भूक लागली होती म्हणे.

पण थोडा राग तुझ्यावरही आहे. त्या शेवटच्या रात्री छातीत दुखत असताना तू कुणाला हाक का मारली नाहीस? पलीकडच्या खोलीत सगळे होते ना! दवाखान्यात नेलं तेव्हा मला म्हणालीस, ‘उगाच कशाला उठवायचं, सकाळी ऑफिस असतं.’ कुणी शिकवलं तुला हे? तुला दाराशी टांगायचं धाडस त्यांना असंच आलं नाही गं. तुझं काही म्हणणंच नसतं, ही सवय तूच त्यांना लावलीस. लिहिताना रडू येतंय, तरी लिहिते.

आता माझा शब्द ऐक. वर्षश्राद्धाची ट्रिप निघणार नाही. ते माझ्या घरी होईल आणि मी करेन. गुरुजी नको म्हणाले तर त्यांच्यावाचून करेन. दादा-वहिनीला रीतसर बोलावणार आहे. पानं वाढून झाली, सगळे नातेवाईक बसले, की त्या सकाळी मी काय बघितलं ते सांगणार आहे. पिचकाऱ्या, वास, ओला टॉवेल, काही गाळणार नाही. दादाला घास गिळवला नाही तरी थांबणार नाही.

तुझीच,
मीनू